अंगणात मांडलेला संसार

या महिनाअखेर आम्ही सिनसिनाटी सोडतोय. एकोणीस वर्षं ओहायोत काढल्यावर आता बिऱ्हाड सिअ‍ॅटलला हलतंय. तीन बेडरूम, बेसमेंट आणि गॅरेज असलेल्या घरातून दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये जायचं, म्हणजे निम्म्याहून जास्त सामानाला निरोप देणं आलंच. म्हणून मागच्या शनिवारी यार्ड सेल लावला. त्याचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले आणि फोन सुरू झाले. मामेभावाला गंमत वाटली, मावशीला थोडी लाज वाटली, आणि आत्याने आवाज खाली आणून विचारलं, "पैशाची काही अडचण नाही ना गं? असेल तर मोकळेपणाने सांग."

"छे गं आत्या, इथे सगळेच करतात," असं सांगून मी फोन ठेवला. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. आत्या चुकीचं विचारत नव्हती. घरातली भांडीकुंडी अंगणात मांडून विकायची पाळी माणसावर कधी येते? आणि इथे हे "सगळेच करतात" ते कधीपासून? सामान आवरता आवरता रात्री थोडं थोडं वाचत होते, त्यातलं जे मनात राहिलं ते आज लिहितेय. ज्यांना नुसत्या टिपा हव्यात त्यांनी सरळ शेवटाकडे जावं, मी रागावणार नाही :-)

आपल्याकडे जुन्या वस्तू कुणी विकत नाही असं नाही. रद्दी वजनावर जाते. जुने कपडे बोहारणीला जायचे. भर दुपारी तिची हाळी आली की आई दोन पँटी आणि एक विटलेली साडी पुढे करायची, आणि एका पातेल्यावरून तासभर घासाघीस चालायची. बोहारीण साडी उलटसुलट करून नाक मुरडायची, आई पातेल्याचा पत्रा बोटाने वाजवून बघायची, आणि शेवटी दोघींनाही आपण जिंकलो असं वाटायचं. पुण्यात जुना बाजार, मुंबईत चोर बाजार, सगळं होतंच. पण पलंग, कपाट, जेवायची ताटं ह्या वस्तू विकायच्या नसतात. त्या धाकट्या जावेकडे जातात, कामवाल्या बाईंकडे जातात, गावच्या घरी जातात. त्या विकायला निघाल्या की अर्थ एकच: कर्ज, जप्ती, लिलाव. 'लिलाव' हा शब्द तसा पोर्तुगीजांकडून आलेला, पण आपल्या भाषेत तो असा मुरलाय की नुसता ऐकला तरी दारात बेलिफ उभा असल्यासारखं वाटतं.

आत्याच्या आवाजातली काळजी तिथून आली होती. आणि वाचत गेले तसं लक्षात आलं की अमेरिकेतही ही काळजी फार जुनी आहे.

आधी शब्दाचं बघू. यार्ड सेल, गॅरेज सेल, टॅग सेल, मूव्हिंग सेल अशी नावं प्रांताप्रांताप्रमाणे बदलतात. ह्या सगळ्यांची आजी म्हणजे 'रमेज सेल'. हा 'रमेज' जुन्या फ्रेंचमधून आलेला. त्याचा मूळ अर्थ जहाजाच्या पोटात माल रचून ठेवणं. कुणी न सोडवलेला माल बंदरावर विकायला काढत, तो रमेज सेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शब्द धक्क्यावरून चर्चमध्ये आला. चर्चमधल्या बायका घरोघरच्या जुन्या वस्तू गोळा करायच्या, चर्चच्या तळघरात मांडायच्या, आणि आलेला पैसा धर्मादाय कामाला जायचा. १९०२ मध्ये बॉस्टनमधल्या एडगर हेल्म्स नावाच्या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने हेच जरा मोठ्या प्रमाणावर सुरू केलं. श्रीमंत वस्त्यांमधून जुने कपडे, जुनं सामान आणायचं, गरजूंनाच ते दुरुस्त करायचं काम द्यायचं, आणि मग ते विकायचं. आजचं 'गुडविल' ते हेच. म्हणजे जुनी वस्तू विकण्यात कमीपणा नव्हता, फक्त पैसा आपल्या खिशात जाता कामा नये! स्वतःसाठी स्वतःच्या वस्तू विकणं ही वेगळी गोष्ट होती, आणि तिला अनेक चेहरे होते.

एक चेहरा बऱ्यापैकी सुखवस्तू आहे. व्हर्जिनियात पोटोमॅक नदीकाठी बेल्व्हॉर नावाची हवेली होती. जॉर्ज विल्यम फेअरफॅक्स आणि त्याची बायको सॅली तिथे राहायचे, आणि जवळच माउंट व्हर्ननला त्यांचा मित्र जॉर्ज वॉशिंग्टन. वतनाच्या कामासाठी फेअरफॅक्स दांपत्य १७७३ मध्ये इंग्लंडला गेलं. परत येण्याची चिन्हं दिसेनात तेव्हा हवेली भाड्याने द्यायची आणि सामान विकायचं ठरलं. १५ ऑगस्ट १७७४ ला विक्री झाली. तारीख वाचून मी थबकलेच, पण आपल्या १५ ऑगस्टशी त्याचा काही संबंध नाही :-) विक्रीला गेलेल्या वॉशिंग्टनने मेहॉगनीचं साइडबोर्ड, दाढी करायचं मेज, खुर्च्या, पडदे, आरसा असं पुष्कळ सामान घेतलं. म्हणजे ज्या खुर्च्यांवर बसून तो पाहुणचार घ्यायचा त्याच खुर्च्या आता त्याच्या घरी आल्या. पुढच्या वर्षी युद्ध सुरू झालं. १७८३ मध्ये बेल्व्हॉरला आग लागली आणि हवेली संपली. फेअरफॅक्स मंडळी परत आलीच नाहीत. शेजारची माणसं एकदा गेली की त्यांच्या वस्तू आपल्याकडे राहतात, इतकंच.

ह्या विक्रीत कुणाला घाई नव्हती. मालक दूर इंग्लंडमध्ये सुखरूप होते, विकत घेणारा मित्र होता. घाई आली की चित्र बदलतं. जुन्या न्यूयॉर्कमध्ये १ मे हा 'मूव्हिंग डे' असायचा. शहरातले बहुतेक भाडेकरार एकाच दिवशी सकाळी नऊला संपत, त्यामुळे हजारो बिऱ्हाडं एकाच वेळी रस्त्यावर. हातगाडीवाले तोंडाला येईल ते भाडं मागत. इंग्रज लेखिका फ्रान्सिस ट्रोलप हिने १८३२ च्या आपल्या पुस्तकात लिहिलंय की तो देखावा प्लेगला भिऊन शहर सोडणाऱ्या लोकांसारखा दिसतो. ही चाल दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बंद पडली. कॅनडात क्युबेकमध्ये अजूनही १ जुलैला असंच होतं, आणि मॉन्ट्रियलच्या फुटपाथांवर त्या दिवसात सोफ्यांपासून फ्रीजपर्यंत काय वाटेल ते सोडून दिलेलं सापडतं. तारीख ठरलेली असली, की वस्तूची किंमत कमी होत होत शून्यावर येते.

आता तिसरा चेहरा. हा लिहिताना हात जरा जड होतो, पण सिनसिनाटीत राहून तो टाळणं बरोबर नाही.

थॉमस जेफरसन ४ जुलै १८२६ ला वारला, तेव्हा त्याच्या डोक्यावर एक लाख डॉलर्सच्या वर कर्ज होतं. ते फेडायला जानेवारी १८२७ मध्ये मॉंटिचेलोला त्याच्या घरासमोर पाच दिवस लिलाव चालला. जाहिरातीत घरातलं फर्निचर, गुरंढोरं, धान्य, शेतीची अवजारं होती, आणि त्याच यादीत १३० माणसं होती. जोसेफ फॉसेट हा तिथला लोहार. जेफरसनने मृत्युपत्रात त्याला मुक्त केलं होतं, पण त्याची बायको एडिथ आणि मुलं त्यात नव्हती. एडिथ जेफरसनची स्वयंपाकीण, अध्यक्षांच्या निवासात फ्रेंच पद्धतीचा स्वयंपाक शिकलेली. ती आणि मुलं त्या लिलावात विकली गेली. मुलगा पीटर तेव्हा अकरा वर्षांचा होता. जोसेफने पुढची वर्षं लोहारकाम करून, मदत गोळा करून, आपल्याच कुटुंबातली जमतील तेवढी माणसं सोडवून घेतली. १८४० च्या सुमारास हे कुटुंब ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटीला आलं, कारण नदीच्या अलीकडे गुलामगिरी नव्हती. पीटर मात्र मागेच अडकला. तो १८५० च्या सुमारास मुक्त होऊन आला. इथे त्याने केटरिंगचा धंदा केला, पुढे बॅप्टिस्ट धर्मोपदेशक झाला, आणि १८९८ मध्ये त्याच्या आठवणी वर्तमानपत्रात छापून आल्या. १९०१ मध्ये तो ह्याच शहरात वारला.

गुलामगिरीची आणि माझ्या सेलची तुलना करायचा वेडेपणा मी करणार नाही. पण घराबाहेर संसार मांडून विकायच्या ज्या गोष्टीला आज आपण शनिवारची करमणूक म्हणतो, तिच्याच देशात, तिच्याच अंगणात हेही झालंय. ज्या कुटुंबाने ते सोसलं ते माझ्याच गावात येऊन राहिलं होतं. गाव सोडताना निदान एवढं तरी सांगून जावंसं वाटलं.

चौथा चेहरा मला सगळ्यात जास्त आवडला. १९३० च्या दशकातली मंदी. शेतमालाचे भाव कोसळलेले, शेतकऱ्यांचे हप्ते थकलेले, आणि कर्ज देणारे घरदार-अवजारं लिलावात काढत होते. १९३१ मध्ये नेब्रास्कातल्या मॅडिसन काउंटीत एका शेतावर असाच लिलाव होता. सुमारे दीडशे शेजारी जमले. पहिल्या अवजाराला बोली लागली पाच सेंट. त्यापुढे कुणी बोलेना. कुणी परका बोलायला गेलाच तर आजूबाजूच्या रांगड्या चेहऱ्यांकडे बघून गप्प बसायचा. दिवसअखेर सगळ्या सामानाचे मिळून आले ५ डॉलर ३५ सेंट. ते पैसे भरले, आणि शेजाऱ्यांनी सगळं सामान मालकाला परत दिलं. मग असे 'पेनी ऑक्शन' त्या भागात जागोजागी झाले. म्हणजे लिलावाची रीत सगळी पाळली गेली, फक्त अडचणीतल्या माणसाकडून स्वस्तात घ्यायचं नाही हे गावाने ठरवलं होतं. एका लिलावाने कुणाचं कर्ज माफ होत नाही, पण पुढे नेब्रास्का, आयोवासारख्या राज्यांनी जप्त्यांना तात्पुरती स्थगिती देणारे कायदे केले, त्यामागे ह्या शेतकऱ्यांचा दबाव होता.

आणि दहा-अकरा वर्षांनी नेमकं उलट झालं.

७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बर झालं. १९ फेब्रुवारी १९४२ ला रूझवेल्टने कार्यकारी आदेश ९०६६ वर सही केली, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरं सोडून छावण्यांमध्ये जावं लागलं. त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. लॉस एंजेलिसजवळच्या टर्मिनल आयलंडवर मच्छीमारांची वस्ती होती, सुमारे तीन हजार लोकांची. त्यांना मुदत मिळाली ४८ तास. सिअ‍ॅटलसमोरच्या बेनब्रिज बेटावर २४ मार्चला नोटीस लागली, आणि ३० मार्चला २२७ माणसं बोटीत चढली. सोबत न्यायचं ते फक्त हातात मावेल तेवढं. बाकीचं काय करायचं?

काहींचे शेजारी चांगले निघाले. त्यांनी शेतं सांभाळली, सामान आपल्या कोठारात ठेवलं. पण बऱ्याच वस्त्यांमध्ये जुनं सामान घेणारे व्यापारी दारोदार फिरू लागले. मुदत त्यांनाही माहीत होती. फ्रीज, शिवणयंत्र, मोटारी, मासेमारीची जाळी, सगळं कवडीमोलाने गेलं. जीन वाकात्सुकी ह्यूस्टन ही तेव्हा सात वर्षांची होती. 'फेअरवेल टू मँझनार' ह्या १९७३ च्या पुस्तकात तिने टर्मिनल आयलंडवरचा एक प्रसंग सांगितलाय. तिच्या आईकडे चिनी मातीच्या भांड्यांचा सुंदर संच होता, निदान दोनशे डॉलर्स किमतीचा. व्यापारी म्हणाला पंधरा. मग उपकार केल्यासारखा साडेसतरा. आईने एक शब्द न बोलता एक बशी उचलली आणि त्याच्या पायाशी फोडली. मग दुसरी. मग तिसरी. तो निघून गेल्यावरही ती फोडतच राहिली.

मी हे वाचलं तेव्हा माझ्या जेवणाच्या टेबलावर माझीच ताटं-वाट्या पसरलेली होती आणि मी त्यांवर पन्नास सेंटची स्टिकरं लावत होते. स्टिकरं बाजूला ठेवून बराच वेळ नुसती बसून राहिले. त्या बाईला दोन गोष्टी शक्य होत्या: साडेसतरा डॉलर घेणं किंवा बशा फोडणं. "नको, राहू दे, मी घेऊन जाते" हे तिसरं उत्तर तिच्याकडे नव्हतंच.

त्या नुकसानीसाठी १९४८ मध्ये भरपाईचा कायदा झाला. लोकांनी सुमारे १४ कोटी ८० लाख डॉलर्सचे दावे केले, हातात पडले त्याच्या साधारण पाव. कागदपत्रं मागितली गेली, आणि घाईत विकलेल्या शिवणयंत्राची पावती कुणाकडे असणार? १९८८ मध्ये सरकारने रीतसर माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर्स दिले.

एवढं सगळं झाल्यावर यार्ड सेल ही हसरी, उन्हातली गोष्ट कशी झाली? त्याचं उत्तर युद्धानंतरच्या उपनगरांत आहे. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये १९४७ ते १९५१ ह्या काळात सुमारे १७ हजार घरं उभी राहिली, आणि मग देशभर तशीच. (सुरुवातीच्या तिथल्या करारांमध्ये घर फक्त गोऱ्यांसाठी अशी अट होती, हेही लक्षात असू द्यावं.) घराला अंगण, पुढे गॅरेज, दारात मोटार. वस्तू स्वस्त झाल्या, हप्त्यांवर मिळू लागल्या, आणि मुलं मोठी झाली की पाळण्यापासून सायकलीपर्यंत सगळं साठत गेलं. नोकऱ्यांसाठी लोक राज्यांतून राज्यांत हलायला लागले. साठीच्या दशकात गॅरेज सेल सर्रास झाले. दारात सामान दिसलं की "ह्यांचं दिवाळं निघालं" असं आता कुणी म्हणत नव्हतं, "ह्यांच्याकडे जास्त झालंय" म्हणत होतं. माझ्या मते लाज गेली ती इथे.

ग्रेचेन हरमन नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी गॅरेज सेलचा अनेक वर्षं अभ्यास केलाय. १९९७ च्या त्यांच्या लेखाचा प्रश्नच असा आहे, की इथे जे हातातून हातात जातं ती भेट की विक्रीचा माल? त्यांचं म्हणणं, दोन्हींच्या मधलं काहीतरी. विकणारा वस्तूची कहाणी सांगतो, वस्तू चांगल्या घरी जातेय असं वाटलं तर किंमत उतरवतो, वर आणखी काहीतरी फुकट देतो. ह्याचा मला स्वतःला अनुभव आहे. एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही दोन सुटकेस घेऊन इथे आलो, तेव्हा पहिलं टेबल एका यार्ड सेलमधून दहा डॉलरला घेतलं. विकणाऱ्या आजींनी "नवीन आलात का?" विचारलं आणि एक दिवा, चार बश्या आणि एक छत्री टेबलावर ठेवून दिली. पैसे घेतले नाहीत. ती छत्री अजून आहे.

आमच्या सिनसिनाटीचा ह्या सगळ्यात आणखी एक मान आहे. यू. एस. १२७ हा जुना हमरस्ता शहरातून जातो. इंटरस्टेट झाल्यावर अशा रस्त्यांवरच्या गावांकडे कुणी फिरकेना. टेनेसीतल्या फेंट्रेस काउंटीचे प्रमुख माइक वॉकर ह्यांनी १९८७ मध्ये युक्ती काढली: रस्त्याच्या कडेने सगळ्यांनी एकाच वेळी यार्ड सेल लावायचा. सुरुवातीला तो नदीपलीकडच्या कव्हिंग्टनपासून चॅटनूगापर्यंत होता. वाढत वाढत मिशिगनमधल्या अ‍ॅडिसनपासून अ‍ॅलाबामातल्या गॅड्सडनपर्यंत गेला. सहा राज्यं, ६९० मैल, दर ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारपासून रविवारपर्यंत. आम्ही तीनदा गेलो. पंढरीच्या वारीसारखी गर्दी, फक्त प्रत्येकाच्या डोक्यावर तुळशीऐवजी खुर्ची!

आता आमच्या सेलबद्दल. जाहिरातीत वेळ आठची होती, पण पावणेसातलाच एक व्हॅन येऊन उभी राहिली. हे व्यवसायिक लोक, सगळ्यांच्या आधी येऊन चांगलं उचलतात, त्यात काही गैर नाही. गृहस्थाची नजर सासूबाईंच्या पितळी पानाच्या डब्यावर पडली. त्यात मी सुटे पैसे ठेवले होते. "दहा डॉलर?" म्हणाला. मी म्हटलं, हा विकायला नाही. "पंचवीस. चाळीस." मी परत म्हटलं, नाही. तो हसला, एक दिवा घेऊन गेला. साधी गोष्ट, दोन मिनिटांची. पण त्या बशा फोडणाऱ्या बाईची आठवण झाली, आणि ते "नाही" म्हणताना आपल्याकडे किती मोठं काहीतरी आहे ते जाणवलं. गाडीत जागा होती, हातात आठवडे होते, डोक्यावर कुणी बसलेलं नव्हतं.

नंतर दिवस छान गेला. सोऱ्या "हा काय प्रकार?" म्हणून सगळ्यांनी हाताळला. मी चकलीचा फोटो दाखवला आणि एका बेकिंगवेड्या बाईंनी तो तीन डॉलरला नेला. बर्फाचं फावडं, सायकली, पुस्तकं, डायनिंग टेबल गेलं. दुपारी एक तरुण जोडपं आलं, नुकतंच देशात आलेलं, तिला सातवा-आठवा महिना असावा. मुलीचा जुना पाळणा तीस डॉलरला लावला होता. त्यांनी आपसात त्यांच्या भाषेत हिशेब केला, तो न कळताही कळला. पाच म्हटलं, वर दुलया आणि दिवा दिला. नवरा म्हणाला, "हा तुझा पेनी ऑक्शन." संध्याकाळी मोजले तर ४१८ डॉलर झाले होते. महिनाभराच्या कष्टाला हे काही फार नाहीत.

मग आता टिपा, वचन दिल्याप्रमाणे.

पहिली, सगळ्यात आधी 'न्यायचं' ते वेगळं करून खोलीत कुलूपबंद करा. देव, कागदपत्रं, फोटो, आणि जे विकताना घशाशी येईल ते. बाहेर मांडलेलं सगळं विकायचं आहे असंच लोक धरतात.

दुसरी, हलायच्या तारखेच्या निदान तीन-चार आठवडे आधी सेल लावा. आदल्या आठवड्यात लावलात तर घासाघीस तुमच्याशी होत नाही, तुमच्या तारखेशी होते, आणि तारीख नेहमी हरते.

तिसरी, गावाचा नियम बघा. बऱ्याच ठिकाणी परवाना लागतो किंवा वर्षाला किती सेल लावायचे ते ठरलेलं असतं. पाट्या मोठ्या, अक्षर जाड, बाण स्पष्ट, आणि संध्याकाळी त्या काढून आणा.

चौथी, एक-एकच्या नोटा आणि क्वार्टर्स मिळून चाळीस-पन्नास डॉलरचे सुटे ठेवा. प्रत्येक वस्तूला किंमत लावा, कारण बरेच लोक विचारायला लाजतात. विजेच्या वस्तूंसाठी वायर बाहेर काढून ठेवा म्हणजे चालू आहे हे दाखवता येतं. भारतातून आणलेलं २२० व्होल्टचं काही असेल तर तसं ठळक लिहा.

पाचवी, लहान मुलांच्या वस्तू मांडण्याआधी त्या कंपनीने परत मागवलेल्या नाहीत ना ते सरकारी यादीत पाहून घ्या. तशी वस्तू विकणं बेकायदा आहे, यार्ड सेलमध्येसुद्धा. कराची काळजी नको. घरची वापरलेली वस्तू खरेदीपेक्षा कमी किमतीत विकली तर त्यावर कर लागत नाही, पण तो तोटा दाखवताही येत नाही.

सहावी, दारात एक 'फुकट' खोकं ठेवा. मुलं तिथे रमतात आणि आईवडिलांना निवांत बघता येतं. दुपारी बारानंतर सगळं निम्म्या किमतीत. उरलेलं त्याच दिवशी धर्मादाय दुकानात. परत घरात आणू नका.

आणि यशस्वी सेल कशाला म्हणायचं? मी तरी आता डॉलर मोजून ठरवणार नाही. जिथे विकणाऱ्याला "नाही" म्हणता येतं, आणि घेणाऱ्याची अडचण दिसली तर "असंच ने" म्हणता येतं, तो सेल चांगला झाला. ह्यातलं पहिलं कितीतरी जणांना मिळालं नाही. दुसरं आपल्या हातात असतं.

सिअ‍ॅटलहून बेनब्रिजला बोटीने अर्ध्या-पाऊण तासात जाता येतं. तिथे जुन्या धक्क्याजवळ स्मारक आहे, लाकडी भिंतीवर नावं कोरलेली आहेत, आणि त्याला जपानी भाषेत नाव दिलंय, 'निदोतो नाइ योनी'. पुन्हा असं होऊ नये, असा त्याचा अर्थ. बस्तान बसलं की पहिली सहल तिकडेच.

तोपर्यंत, सिनसिनाटीत कुणाला गवत कापायचं मशीन हवं असेल तर कळवा. चालू आहे, फक्त सुरू व्हायला जरा मनधरणी करावी लागते. किंमत तुम्हीच सांगा.